पहिली प्रत पोचूभाऊंना

ललिता नान्हे हिला माणसं आवडत नसत, असं कुणी म्हणालं तर ते खोटं. तिला मूर्ख माणसं आवडत नसत. आता येरंडटोल्याच्या मच्छीमार सहकारी संस्थेत तिला दुसऱ्या प्रकारची माणसं भेटलीच नाहीत, याला ती तरी काय करणार?

आरमोरीहून बसने अर्धा तास आणि पुढे तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पायी, असं हे गाव. मालगुजाराच्या काळचा मोठा तलाव आणि त्या तलावावर पोट असलेली ढिवरांची साठ घरं. संस्थेचं ऑफिस म्हणजे समाजमंदिराला लागून असलेली एक खोली. तिथे एक संगणक, एक प्रिंटर, बारा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर संस्थापक कैलासवासी पोचूभाऊंचा हार घातलेला फोटो. अकरा खुर्च्या संचालकांच्या. त्यांवर बसून संचालक काय करत, हे अकरांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. बारावी खुर्ची संगणकापुढची, ती ललिताची, आणि संस्थेचं जे काही काम होई ते त्या एका खुर्चीवर होई.

ललिता आरमोरीच्या कॉलेजात बी.ए. झाली होती. लग्न होऊन चिमूरकडे गेली. तीन वर्षांत नवऱ्याने तिचं एकही वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही, तेव्हा चौथ्या वर्षी तिने एक वाक्य अर्धवटच सोडलं आणि बस पकडली. मग भद्रावतीला, ट्रकांचा धंदा करणाऱ्या एका ऑफिसात सहा वर्षं पत्रव्यवहार सांभाळला. दिवसाला शंभर-दीडशे मेल. कुठलं पोचलं, कुठलं परत आलं, कुठलं दारातच अडलं, हे बघायचं काम तिचं. इंग्रजी बोलायची वेळ आली की तिची जीभ अडे, पण संगणक ज्या इंग्रजीत कुरकुरतो ती इंग्रजी तिला पुरती कळे. शकुबाईचे, म्हणजे तिच्या आईचे गुडघे गेले म्हणून ती गावी परतली आणि संस्थेत चिकटली. शकुबाईचं पाण्यात उतरणं सुटलं होतं. पण पाळीवर बसून मासळी निवडणं, जाळी शिवणं आणि हंगामात शिंगाडे उकडून बाजारात नेणं हे चालूच होतं. तलाव नसता तर ती म्हातारी सकाळी उठून कुठे गेली असती, हे देवालाच माहीत.

संस्थेचे अध्यक्ष इस्तारी मेश्राम हे पोचूभाऊंचे जावई. ही त्यांची पहिली लायकी, आणि दुसरी अद्याप कुणाला सापडलेली नाही. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांतलं एक चालत नसे. कागद हातात आला की ते तो आधी लांब धरत, मग जवळ धरत, मग सचिवाकडे देत. सचिव धनराज पचारे. हा मात्र त्याहून वाईट, कारण इस्तारीभाऊंना काही येत नाही हे गावाला ठाऊक होतं, आणि धनराजला सगळं येतं असा खुद्द धनराजचा समज होता.

एक नमुना सांगितला की पुरे. एकदा मंत्रालयातल्या कुठल्याशा साहेबाला पत्र पाठवलं आणि पत्ता चुकला. संध्याकाळी मेल परत आला. पाठवणाऱ्याच्या जागी नाव होतं मेलर-डेमन. पत्र पोचलं नाही असं कळवणारं ते यंत्र. त्याला ना हात ना पाय. ललिता त्या दिवशी आरमोरीला गेली होती. धनराजने स्वतः बसून दोन बोटांनी उत्तर टाइप केलं: 'मा. डेमनसाहेब, आपले पत्र प्राप्त झाले. आपल्या सूचनांची संस्थेने गांभीर्याने नोंद घेतली आहे.' वर जावक क्रमांक. खाली सही-शिक्का मारून, त्याचा फोटो काढून जोडला. अर्थात तेही परत आलं. तेव्हा धनराज सभेत म्हणाला, "साहेब लय कडक हाये. लागलीच जवाब देते." आणि अकराच्या अकरा माना हलल्या. ललिताने तो कागद फायलीला लावला आणि आठवडाभर आठवेल तेव्हा एकटीच हसली. त्याला समजावून सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. कशाला सांगायचं? जे फुकटात हसायला मिळतं ते कोण बंद करतो?

या संस्थेला प्रतींचं वेड होतं. पत्र कुणालाही असो, खाली 'प्रत माहितीस्तव सविनय सादर' असं लिहून जिल्हाधिकारी, आमदार, तहसीलदार, पोलीस पाटील आणि दोन वर्तमानपत्रं, अशी रांग लागायचीच. तलावातला पाणवेलीचा गाळ काढायला चार माणसं हवीत, एवढ्यासाठी तेरा ठिकाणी प्रती. पत्रात काय लिहिलंय हे कुणी बघत नसे. खाली आपल्या ओळखीच्या साहेबाचं नाव आहे की नाही, हे बघायला मात्र खुर्च्या पुढे सरकत.

पोचूभाऊ गेले तेव्हा सभेत ठराव झाला: संस्थेच्या प्रत्येक पत्राची पहिली प्रत कैलासवासी पोचूभाऊंना सादर करण्यात यावी. एकमताने मंजूर. पोचूभाऊ माणूस खरोखर मोठा होता. त्याने ठेकेदाराशी भांडून हा तलाव गावाला मिळवून दिला, आणि तो जिवंत असता तर या ठरावाचा कागद त्याने चुलीत घातला असता. पण तो फोटोत होता आणि जावई खुर्चीत. कागदाची प्रत फोटोपुढे ठेवायची, हळदकुंकू वाहायचं आणि मग पेटीत टाकायची. मेल असेल तर पोचूभाऊंच्या मेलच्या पत्त्यावर. जिल्ह्यातल्या सगळ्या मच्छीमार संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना त्यांच्या संघाने स्वतःच्या सर्व्हरवर एकेक पत्ता दिला होता, तसा पोचूभाऊंनाही होता. हयातीत त्यांनी तो एकदाही उघडला नाही. मेल्यावर दीड वर्ष तिथे पत्रं साचत राहिली.

मागच्या जानेवारीत संघाने गेलेल्या-निवृत्त झालेल्यांची खाती बंद केली. आणि तिथून घोळ सुरू झाला.

हा घोळ सरळ आहे. ज्याला समजून घ्यायचं आहे त्याला एका मिनिटात समजतो. बाहेरच्या कुणाचा पत्ता चुकला तर आपला सर्व्हर पत्र घेतो, सगळीकडे वाटतो, आणि ज्याचा पत्ता लागत नाही त्याचं तेवढं परत येतं. पण पत्ता आपल्याच सर्व्हरवरचा असेल आणि ते नाव तिथे नसेल, तर सर्व्हर दारातच नाही म्हणतो. मग संस्थेच्या संगणकावर होता तसला जुना मेलचा प्रोग्राम काय करतो? हात टेकतो. एक नाव नाकारलं की तो अख्खं पत्र थांबवतो. चौदा पत्त्यांपैकी तेरा बरोबर असले तरी एकालाही काही जात नाही. पडद्यावर एक चौकट येते: 'पत्र पाठवता आलं नाही. सर्व्हर म्हणतो, चूक क्रमांक ५५०, या नावाचा वापरकर्ता इथे नाही. पत्ता तपासून पुन्हा प्रयत्न करा.' खाली 'ओके' असं एक बटण. ते दाबलं की चौकट जाते आणि पत्र होतं तिथेच राहतं.

फेब्रुवारीत जाळ्यांच्या अनुदानाचं पत्र असं अडलं. ललिताने चौकट वाचली, पोचूभाऊंचा पत्ता काढला, पुन्हा पाठवलं. गेलं. कुणालाही कळलं नसतं, पण धनराजला गेलेल्या मेलची छापील प्रत फायलीला लागे, आणि त्यात पहिलं नाव दिसेना.

"पोचूभाऊचं नाव कुठी हाये?" इस्तारीभाऊंनी भर सभेत विचारलं.

"तो पत्ता बंद झाला, भाऊ. ठेवला तं पत्र जातच नाई."

"बंद कोनं केला?"

"संघानं."

"अना काढला कोनं?"

"मी."

"तू कोन काढनारी?" इस्तारीभाऊ उभेच राहिले. "ज्या मानसानं हा तलाव मिळवून देल्ला, त्याचं नाव तू कम्प्युटरातून काढून राह्यली?"

ललिताने पुन्हा सांगायला तोंड उघडलं. कुणी ऐकलं नाही. अकरा जणांपुढे, आणि दारात जाळं शिवत बसलेल्या शकुबाईपुढे, तिला झाडलं. शकुबाईही म्हणाली, "जाऊ दे ना ललिता, मोठ्या मानसाचं नाव हाये, राहू दे." आईचं ते वाक्य तिला सगळ्यात जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवशी मेमो: 'आपण संस्थापकांचा अवमान केल्याचे निदर्शनास आले आहे. तीन दिवसांत खुलासा सादर करावा.' आणि त्या मेमोच्या प्रती तेरा ठिकाणी पाठवायचं काम कुणाचं? ललिताचंच. तिने यादी भरली, पहिलं नाव पोचूभाऊंचं. चौकट आली. तिने ओके दाबलं. तिच्या अपमानाचा तो कागद कुठेही गेला नाही आणि कुणाला पत्ताही लागला नाही. त्या दिवशी तिला फार गार वाटलं.

त्यानंतर चार महिने येरंडटोल्याच्या संस्थेतून एकही मेल बाहेर पडला नाही. अध्यक्ष मजकूर सांगत, सचिव प्रती मोजत, ललिता चौकटीवर ओके दाबून न गेलेल्या पत्राचीच प्रत छापून फायलीला लावत असे. आणि गंमत बघा, कुणाचं काहीही अडलं नाही. यावरून त्या पत्रांची लायकी काय होती ते समजावं. ललिता रोज तो साचलेला ढीग बघायची आणि मनात म्हणायची, हीच यांची किंमत.

मग जूनमध्ये जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय ऑफिसातून एक पत्र आलं, त्याला मात्र किंमत होती. तलावाचा ठेका महिनाअखेर संपत होता. संस्थेला पुढची पाच वर्षं तलाव हवा असेल तर सहमतीपत्र मेलने वीस तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत जिल्ह्याच्या ऑफिसात पोचलं पाहिजे. हाताने नेऊन दिलेला कागद चालणार नाही. नाही पोचलं तर तलाव लिलावाला. पत्र अगदी स्वच्छ मराठीत होतं, त्यामुळे ते इस्तारीभाऊंनाही कळलं.

अठरा तारखेला सकाळी सगळं संचालक मंडळ संगणकापुढे जमलं. नारळ फुटला. संगणकाच्या पडद्याला कुंकू लागलं, ते ललिताने पदराने पुसलं. यादी चौदा जणांची. पहिले पोचूभाऊ, दुसरं जिल्ह्याचं ऑफिस. इस्तारीभाऊंनी खांद्यावरून वाकून ती नावं बोट लावून तपासली. ललिताने पाठवलं. चौकट आली.

"पोचूभाऊचा पत्ता बंद हाये," ललिता म्हणाली. "सर्व्हरनं अडवलं."

"एक परत आलं तं येऊ दे," धनराज मागून म्हणाला. "बाकीच्याइले जाते. मले मालूम हाये, मंत्रालयाच्या टाइमाले असंच झालं होतं."

ललिता वळली. हे तसं नाही, हे सगळंच अडलंय, एवढी दोन वाक्यं तिच्या ओठावर होती. पण इस्तारीभाऊंनी हात वर केला. "तुले मेमो भेटला होता ना? मंग? ओके दाब."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. दोन पेनं, त्यांतलं एक न चालणारं. मग तिने ओके दाबलं.

"गेलं का?"

"तुमी म्हनान तसं," ललिता म्हणाली.

टाळ्या पडल्या. नारळाचे तुकडे वाटले. तिच्या हातावरही एक तुकडा आला आणि तिने तो खाल्ला.

पुढचे दोन दिवस ते पत्र तिच्या समोर होतं. संगणक सुरू केला की डाव्या बाजूला न गेलेल्या पत्रांच्या ढिगात सगळ्यात वर. एक पत्ता काढायचा आणि बटण दाबायचं. तांदळातला खडा काढायला याहून जास्त वेळ लागतो. एकोणीस तारखेला तिने दोनदा ते उघडलं आणि दोनदा मिटलं. जिल्ह्याच्या ऑफिसातून फोन येईल, तिला वाटत होतं. तुमचं पत्र कुठे, असं तिथला बाबू विचारेल, इस्तारीभाऊंचं तोंड पांढरं पडेल, ते घामाघूम होऊन धावत येतील आणि म्हणतील, ललिता, तूच काहीतरी कर. तेव्हा ती करणार होती. त्या एका वाक्यासाठी ती थांबली होती. चार महिने नाही, तसं पाहिलं तर चिमूरपासून थांबली होती.

फोन आला नाही. वीस तारखेला चार वाजता इस्तारीभाऊ आले ते एक छापील कागद नाचवत. सहमतीपत्राच्या ऑफिसप्रतीत पोचूभाऊंचं नाव जिल्हाधिकाऱ्यांच्या नावापेक्षा बारीक अक्षरात पडलं होतं. "हे काऊन असं? मुद्दाम केलं का?" त्यांनी तिला ते पान तीनदा छापायला लावलं. अक्षर मोठं, अजून मोठं, आणि ठळक. तिसरं पान प्रिंटरमधून बाहेर पडत होतं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते. इस्तारीभाऊ ते पान फोटोपुढे ठेवून, हात जोडून निघून गेले. ललिता एकटी बसली होती. पत्र समोरच होतं. मरा, ती मोठ्याने म्हणाली. आणि पाच वाजता तिने संगणक बंद केला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाळीवर एक गाडी आली. दोन माणसांनी पाटी ठोकली: या तलावात विनापरवाना मासेमारी व शिंगाडा लागवड करण्यास मनाई आहे. खाली बाहेरच्या कुठल्याशा ठेकेदाराचं नाव. इस्तारीभाऊ तसेच बसमध्ये चढून गडचिरोलीला गेले आणि संध्याकाळी परत आले. शर्टाची इस्त्री मोडली होती. संस्थेकडून सहमतीपत्र आलंच नाही, असं त्यांना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात अख्खं गाव जमलं. दोष कुणाचा, एवढंच ठरवायचं होतं, आणि ते जवळपास ठरलेलंही होतं. धनराजने सुरुवातच केली, "मेल पाठवनं ऑपरेटरचं काम हाये. ऑपरेटरले विचारा."

याच क्षणासाठी ललिताने फाइल तयार ठेवली होती. अठरा तारखेच्या त्या चौकटीची छापील प्रत, वर तारीख आणि वेळ. फेब्रुवारीचा मेमो. ठरावाची नक्कल. तिने उठून चौकटीतली एक-एक ओळ वाचली आणि मराठीत सांगितली. बाहेरचा पत्ता चुकला तर काय होतं आणि घरचा पत्ता चुकला तर काय होतं, हे धनराजकडे बघत सांगितलं. एक पत्ता काढला म्हणून मेमो कुणी दिला, ते नाव घेऊन सांगितलं. अठरा तारखेला ओके दाब असं कोण म्हणालं, तेही सांगितलं. जन्मात पहिल्यांदा तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं गेलं. धनराजने मान खाली घातली. इस्तारीभाऊ खुर्चीत बसले होते ते खुर्चीतच लहान झाले. कुणीतरी म्हणालं, "पोरीचं बराबर हाये." मग चार जणांनी तेच म्हटलं. ललिता खाली बसली. जिंकली होती ती.

शकुबाई मागे, भिंतीला टेकून बसली होती. पाय लांब सोडलेले. ती बोलली तेव्हा आधी कुणाला कळलंच नाही की ती सभेत बोलते आहे. घरात विचारावं तसं तिने विचारलं.

"ललिता, ते पत्र कवा अडकलं?"

"सांगतलं ना माय. अठराले."

"अना मुदत कवाची होती?"

"वीसची. पाच वाजेपर्यंत."

"मंग दोन दिवस ते कुठी होतं?"

ललिताने फाइल मिटली. "माह्या समोर होतं."

"तुले मालूम होतं, कोनालेच गेलं नाई म्हून?"

"हो."

इस्तारीभाऊंनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खरंच माहीत नसलेल्या माणसाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पाठवाले किती टाइम लागते व?"

आजवर त्यांनी समजून घ्यायला म्हणून तिला काही विचारलं नव्हतं. ललिताला उत्तर देणं भाग होतं. "एक मिनिट," ती म्हणाली.

शकुबाई म्हणाली, "इस्तारीले समजत नोहोतं. तुले समजत होतं."

एवढंच बोलून तिने भिंतीला हात लावला आणि गुडघ्यांवर जोर देत उठायला लागली. ललिता धावत गेली, तिने हात पुढे केला. शकुबाईने तो धरला नाही. भिंतीच्याच आधाराने ती उठली आणि दाराबाहेर पडली.